आजारी देहाचा उपवास

शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने नेमाचा उपवास करावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता आहारतज्ज्ञाचा वाटतो. किती उष्मांक, किती प्रथिने, किती पाणी एवढे सांगितले की तो सुटायला हवा. प्रत्यक्षात तो तसा सुटत नाही. आयुष्यभर एकादशी न चुकवलेल्या बाईला आतड्याच्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी एकादशी आली, तर तिच्या मनात उष्मांकांचा हिशेब नसतो. देवापुढे धरलेला नेम आजारपणात मोडला तर तो मोडला असे होते का, हे तिला हवे असते. डॉक्टरांच्या 'आता उपासतापास बंद' या वाक्याने तिच्या मनाचे समाधान होत नाही आणि घरच्यांच्या 'देवाचे काम आहे, काही होत नाही' या वाक्याने तिची जखम भरत नाही. या प्रश्नाला धर्मपरंपरेकडे स्वतःचे उत्तर आहे, शरीरशास्त्राकडेही आहे, आणि दोन्ही नीट ऐकली तर ती एकाच जागी येऊन मिळतात. उपवास हा त्याग आहे, आणि त्याग आपल्या ताब्यातल्या गोष्टीचाच करता येतो. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर देहाची झीज माणसाच्या ताब्यात राहत नाही. त्या काळातले न खाणे हे व्रतच ठरत नाही.

अन्न आणि मन यांच्या नात्याचा फार जुना आणि धीट विचार छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात आहे. उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस काही खाऊ नकोस असे सांगतो. पाणी मात्र हवे तेवढे पी, कारण प्राण पाण्यावर टिकतो, असेही बजावतो. सोळाव्या दिवशी मुलगा समोर येतो. बाप त्याला ऋचा, यजू आणि सामे म्हणायला सांगतो. बारा वर्षे गुरुगृही राहून सगळे वेद पाठ करून आलेल्या त्या मुलाला एक ओळ आठवत नाही. मोठ्या विस्तवातून काजव्याएवढा निखारा उरावा तशी तुझी एकच कला, म्हणजे अंश, उरली आहे, जा, जेवून ये, असे बाप म्हणतो. जेवून आल्यावर विचारलेले सगळे त्याला आठवते. मन अन्नमय आहे हे या प्रयोगाने दाखवायचे आहे. उपास करणाऱ्याला दोष देण्याचा त्यात हेतू नाही. तरीही एक गोष्ट त्यातून आपोआप निघते: ज्या मनाने संकल्प करायचा, नामस्मरण करायचे, ते मनच अन्नावर उभे आहे. तैत्तिरीय उपनिषद तर अन्नाला ब्रह्म म्हणते, आणि अन्नाची निंदा न करणे हेच तिथे व्रत म्हणून सांगितले आहे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात योग अति खाणाऱ्याचा नाही आणि अजिबात न खाणाऱ्याचाही नाही, असे म्हटले आहे. त्यावर लिहिताना ज्ञानेश्वर दोन माणसे उभी करतात: एक जिभेच्या अधीन झालेला, आणि दुसरा हट्टाच्या बेडीत भूक कोंडून घालणारा. दुसऱ्याचे वर्णन पहिल्याइतकेच कठोर आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. गौतम बुद्धाच्या चरित्रातही हाडांचा सापळा होईपर्यंतच्या उपोषणानंतर सुजातेने दिलेली खीर येते आणि त्यानंतरच बोधी येते. म्हणजे भारतीय परंपरेत उपवासाला मान आहे, पण उपवासाच्या अतिरेकावरची टीका बाहेरून आलेली नाही. तीही याच घरातली आहे.

आता देहाकडे. निरोगी माणूस उपाशी राहतो तेव्हा शरीर अतिशय शहाणपणाने वागते. यकृतातली साठवलेली साखर साधारण एका दिवसात संपते. मेंदूला साखर लागते, म्हणून पहिले काही दिवस स्नायूंतली प्रथिने मोडून ती तयार केली जाते. पण स्नायू फार खर्च करून चालणार नाही, म्हणून शरीर हळूहळू चरबीपासून तयार होणाऱ्या कीटोन या इंधनावर येते. मेंदूही ते वापरू लागतो, चयापचय मंदावतो आणि प्रथिनांची मोड बरीच कमी होते. उपवास सोसण्याची माणसाची सगळी ताकद या जुळवून घेण्यात आहे. व्रत करणाऱ्याचा देह त्याच्या संकल्पाला साथ देतो म्हणूनच दीर्घ उपवास शक्य होतात.

शस्त्रक्रिया, मोठी इजा किंवा रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग यांत हीच साथ तुटते. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या दशकात हाडे मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतला नायट्रोजन मोजला. मोडलेल्या हाडाच्या आसपासच्या भागातून जाईल त्यापेक्षा तो कितीतरी जास्त निघाला; सगळ्या शरीरातले स्नायू झिजत होते. १९४२ मध्ये त्यांनी या प्रतिसादाचे दोन टप्पे मांडले. इजेनंतरचे पहिले काही तास शरीर थंडावते, चयापचय उतरतो. मग तो उसळतो आणि ही उसळी कित्येक दिवस, कधी आठवडेच्या आठवडे टिकते. कॉर्टिसॉल, ॲड्रिनॅलिन, ग्लुकागॉन आणि दाहाशी निगडित रेणू मिळून इन्सुलिनचे काम अडवतात. रक्तात साखर भरपूर असते, तरी स्नायू तोडून नवी साखर बनवण्याचे काम थांबत नाही. कीटोनवर येऊन प्रथिने वाचवण्याची निरोगी उपाशी माणसाला असलेली सोय इथे नीट चालत नाही. साध्या, ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत विश्रांतीतला ऊर्जाव्यय साधारण दहा टक्क्यांच्या आसपास वाढतो. गंभीर जंतुसंसर्गात वाढ त्याहून पुष्कळ मोठी असते, आणि मोठ्या भाजण्यात तो दुपटीच्या जवळ जाऊ शकतो.

ही झीज किती, याचा हिशेब सोपा आणि धक्का देणारा आहे. एक ग्रॅम नायट्रोजन म्हणजे सव्वासहा ग्रॅम प्रथिन, आणि तेवढे प्रथिन साधारण तीस ग्रॅम ओल्या स्नायूत असते. गंभीर रुग्णाच्या शरीरातून दिवसाला पंधरा ग्रॅम नायट्रोजन जास्तीचा गेला, तर रोज सुमारे साडेचारशे ग्रॅम स्नायू गेला. आठवड्याभरात तीन किलो. हा स्नायू फक्त दंडाचा आणि मांडीचा नसतो. श्वास घेणारे, खोकून कफ बाहेर टाकणारे स्नायूही त्यात असतात. जखम सांधायला लागणारे आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी घडवायला लागणारे प्रथिनही याच साठ्यातून जाते. अमेरिकेतील क्लीव्हलँडचे सर्जन हायरम स्टडली यांनी १९३६ मध्ये पोटातल्या अल्सरची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची पाहणी मांडली. शस्त्रक्रियेआधी ज्यांचे वजन वीस टक्क्यांहून अधिक उतरले होते त्यांच्यातले सुमारे तेहतीस टक्के दगावले. ज्यांचे वजन इतके उतरले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास होते. सर्जनचे हात आणि शस्त्रक्रिया तीच असताना फरक पडला तो रुग्ण कोणत्या अवस्थेत टेबलावर आला यामुळे.

यावरून व्रताच्या प्रश्नाला एक स्पष्ट दिशा मिळते. तपात माणूस स्वतः काही सोडतो, आणि देह ते सोसून त्याच्या मागे उभा राहतो. शस्त्रक्रियेनंतरच्या न खाण्यात देह कुणाच्या संकल्पाची वाट न पाहता स्वतःलाच खात असतो. त्यात रुग्णाने आपला उपवास मिसळला, तर त्याच्या संयमाची त्यात भर पडत नाही, झिजेची पडते. तपाचे फळ म्हणून अपेक्षित असलेले मनाचे स्थैर्य आणि इंद्रियांवरचा ताबा यांच्या नेमके उलट घडते. श्वेतकेतूला निदान बापाने मोजूनमापून उपाशी ठेवले होते आणि सोळाव्या दिवशी जेवण तयार होते.

धर्मशास्त्राने हे ओळखले होते. व्रतांच्या ग्रंथांत ज्या गोष्टींनी व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी सांगितल्या आहेत: पाणी, मुळे, फळे, दूध, हविष्यान्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. यादी बारकाईने पाहिली तर आजाऱ्याला लागणारे जवळपास सगळे तिच्यात बसते. व्रत घेतलेल्याला आजार आला तर नवरा, बायको, मुलगा, भाऊ अशा जवळच्या माणसाने प्रतिनिधी म्हणून ते पुढे न्यावे अशीही सोय आहे. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पाचवा खंड व्रतांच्या या सगळ्या नियमांचा सविस्तर विचार करतो. या सवलतींना लोक अनेकदा 'पळवाट' म्हणतात, आणि हा शब्द अन्यायाचा आहे. नियम करणाऱ्यांनीच नियमाच्या आत, पहिल्यापासून, आजारी माणसाला जागा करून ठेवली आहे. तिथे जाऊन बसणे ही नियम पाळण्याचीच एक रीत आहे.

इतर धर्मांतही हेच दिसते. कुराणाच्या दुसऱ्या सूरेत रमजानच्या रोज्यांची आज्ञा येते तिथेच आजारी आणि प्रवासी यांना ते दुसऱ्या दिवसांवर नेण्याची मुभा येते. ज्याला पुढेही जमणार नाही त्याच्यासाठी गरिबाला जेवू घालण्याची वाट आहे. रोमन कॅथलिक पंथात उपवासाचे बंधन अठरा ते एकोणसाठ वयापर्यंतच आहे आणि आजारी त्यातून सुटतात. ज्यू परंपरा याहून एक पाऊल पुढे जाते. योम किप्पूर हा वर्षातला सर्वांत कडक उपवास, पण जीव वाचवणे हे त्याहून वरचे कर्तव्य. त्या दिवशी जाणकारांच्या सांगण्यावरून आजाऱ्याला खाऊ घालावे असे मिश्ना हा ज्यूंचा जुना नियमग्रंथ सांगतो. पुढे त्यावरच्या तालमूद या ग्रंथातली चर्चा अशी की वैद्याने नको म्हटले आणि रुग्ण 'मला लागते' म्हणाला, तर रुग्णाचे ऐकावे, कारण आपल्या जिवाचे दुःख ज्याचे त्यालाच कळते. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाने हाच उपवास पिढ्यान्‌पिढ्या पाळला आहे. इथे धर्म रुग्णाला खाण्याची परवानगी देऊन थांबत नाही. प्राण धोक्यात असताना न खाणे हाच दोष, अशी ही भूमिका आहे.

तरीही सवलत मिळाली म्हणून मन शांत होतेच असे नाही, याचे महात्मा गांधींइतके प्रामाणिक उदाहरण दुसरे सापडणे कठीण. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर असताना, १९१२ मध्ये, त्यांनी दूध सोडले. गाई-म्हशींचे दूध जास्त काढण्यासाठी त्यांच्यावर होणारे क्रूर प्रकार हे त्याचे एक कारण होते. १९१८ मध्ये त्यांना आमांशाने गाठले आणि ते मरणाच्या दारात जाऊन आले. हवापालटासाठी त्यांना माथेरानला नेले. तिथले जड पाणी बाधले, गुदद्वाराला चिरा पडल्या आणि शौचाच्या वेदनेच्या भीतीने खाणेच नकोसे झाले. आठवड्याच्या आत त्यांना तिथून परतावे लागले. मुंबईत डॉ. दलाल यांनी तपासून स्पष्ट सांगितले की दूध घेतल्याशिवाय हे शरीर पुन्हा उभे करता येणार नाही. इंजेक्शने द्या, पण दुधाचे व्रत आहे, असे गांधींचे उत्तर होते. तेव्हा खाटेजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबा म्हणाल्या की मग शेळीच्या दुधाला तर हरकत नसावी. डॉक्टरांनी लगेच तो धागा पकडला. गांधी तयार झाले, अंगात थोडी ताकद आली आणि मग डॉ. दलालांनी शस्त्रक्रिया केली.

आत्मचरित्रात या प्रसंगाचा निवाडा गांधींनी स्वतःच्या विरुद्ध दिला आहे. व्रत घेताना डोळ्यांपुढे गाय-म्हैसच असली तरी त्याचा खरा अर्थ सगळ्याच दुधाचा होता. आपण अक्षर पाळले आणि आत्मा सोडला, जगण्याची आणि सत्याग्रहाची ओढ त्याला कारणीभूत झाली, ही बोच पुढे वर्षानुवर्षे राहिली, असे ते लिहितात. इथे त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल पूर्ण आदर ठेवून असे म्हणावे लागते की हा निवाडा गरजेपेक्षा कडक आहे. व्रतामागे करुणा होती. ज्या क्रूरतेमुळे दूध सोडले ती शेळीच्या बाबतीत त्यांच्या मनात नव्हती. कस्तुरबांनी शोधलेली वाट पळवाट नव्हती, व्रताच्या हेतूला धरून होती. शिवाय इथे कुणाच्या जिभेचे चोचले नव्हते. शाकाहारी, मरणाच्या काठावरून आलेल्या आणि शस्त्रक्रिया होऊ घातलेल्या माणसाला प्रथिन कुठून द्यायचे, हा डॉक्टरांपुढचा प्रश्न होता. पुढे जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्या अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी दिल्लीत एकवीस दिवसांचा उपवास केला. माणूस तोच, पण जखम भरत असतानाचा देह आणि भरून गेल्यानंतरचा देह यांत अंतर असते, आणि उपवासाचा निर्णय त्या अंतराकडे पाहून करावा लागतो.

रुग्णालयाच्या आत उपवासाला आणखी एक रूप आहे, ते वैद्यकाचे स्वतःचे. 'रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको' हा भुलीआधीचा नियम अनेक दशके जवळजवळ कर्मकांडासारखा पाळला गेला. त्यामागे खरी भीती होती: भुलीत पोटातले पदार्थ फुप्फुसात जाऊ शकतात, आणि कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये बाळंतिणींमध्ये त्याचे घातक परिणाम दाखवले होते. पण पाणी पोटातून लवकर निघून जाते हे कळल्यावर नियम बदलला. सर्वसाधारण रुग्णाला हलके अन्न सहा तास आधीपर्यंत आणि स्वच्छ पातळ पेये दोन तास आधीपर्यंत चालतात. दुधाचा चहा मात्र अन्नातच मोजायचा. पोट मंद रिकामे होणारे रुग्ण, गरोदर स्त्रिया, तातडीच्या शस्त्रक्रिया यांचे नियम वेगळे, आणि ते भूलतज्ज्ञच ठरवतात. शस्त्रक्रियेनंतरही 'पोट वाजेपर्यंत, वारा सरेपर्यंत काही नाही' ही जुनी रीत मागे पडली असून बहुतेक रुग्णांना चोवीस तासांच्या आत तोंडाने काही ना काही सुरू केले जाते. आतड्याच्या अस्तराला त्याचे पोषण बरेचसे आतून जाणाऱ्या अन्नातूनच मिळते.

गरज किती? साधारण नियम असा की वजनाच्या दर किलोमागे दिवसाला पंचवीस ते तीस किलोकॅलरी आणि सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिन. साठ किलोच्या माणसाला दीड हजार ते अठराशे किलोकॅलरी आणि पंचाहत्तर ते नव्वद ग्रॅम प्रथिन. घरच्यांचे दोन गैरसमज इथे आड येतात. एक, सलाईन लावले म्हणजे पोटाला मिळाले. साध्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी असते, उष्मांक शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या एक लिटर बाटलीत दोनशेहून कमी किलोकॅलरी असतात आणि प्रथिन काहीच नाही. दुसरा गैरसमज, वरणाचे पाणी आणि भाताची पेज म्हणजे पौष्टिक. ती पचायला सोपी असतात, सुरुवातीला योग्यही असतात, पण दहा दिवस त्यांवरच ठेवलेला रुग्ण घरच्यांच्या प्रेमाच्या नजरेसमोर कुपोषित होत जातो. उपवासाच्या पदार्थांतही असेच भेद आहेत. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, प्रथिन नगण्य. त्याच ताटात राजगिरा, शेंगदाणे, दूध, दही, पनीर आले तर चित्र बदलते. जिला नेम सोडवतच नाही तिला 'उपवास सोडा' म्हणण्यापेक्षा 'उपवासाचेच, पण असे खा' हे सांगणे आहारतज्ज्ञाला जास्त उपयोगी पडते, आणि औषधाने व्रत मोडत नाही हे शास्त्र तिथे सोबतीला आहे.

संतुलन हा शब्द मात्र दुसऱ्या बाजूनेही खरा धरावा लागतो. अतिदक्षता विभागात पहिल्या दिवसांत शरीर स्वतःच साखर ओतत असते. त्यावर पूर्ण आहार लादला तर साखर चढते, यकृतात चरबी साठते, कार्बन डायऑक्साइड वाढून श्वासाचा भार वाढतो. म्हणून गंभीर रुग्णाचा आहार पहिल्या आठवड्यात टप्प्याटप्प्याने वाढवला जातो. दीर्घ उपासमारीनंतर एकदम खाणे तर जीवघेणे ठरू शकते. पेशी अचानक आलेल्या साखरेसोबत फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम आत ओढून घेतात, थायमिन संपते, आणि हृदय बंद पडू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या उपाशी कैद्यांमध्ये हे दिसून आले होते. जैन तपस्व्यांच्या दीर्घ उपवासानंतरचे पारणे मुगाच्या पाण्यासारख्या सौम्य, थोड्या गोष्टीने होते, यामागे पिढ्यांनी पाहिलेले काहीतरी आहे हे उघड आहे.

यकृत आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांत प्रश्न आणखी धारदार होतो. सिरोसिसमध्ये यकृताची साखर साठवण्याची क्षमता इतकी घटते की एका रात्रीच्या उपवासानंतर त्या शरीराची अवस्था निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपवासानंतर होते तशी असते. म्हणून अशा रुग्णाला दिवसा दर तीन-चार तासांनी आणि रात्री झोपण्याआधी मुद्दाम काहीतरी खायला सांगतात. ज्याच्या नशिबी रोज रात्री न मागता तीन दिवसांचा उपवास येतो त्याने वर एकादशी करू नये, हे सांगायला वेगळे शास्त्र लागू नये. डायलिसिसवरच्या रुग्णाला तर उपवासाचा 'फराळ' हाच धोका असतो. बटाटा, रताळे, केळी, खजूर, शहाळे, शेंगदाणे या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर, आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकत नाही. रक्तातले पोटॅशियम चढले की हृदयाची लय बिघडते. मिठाऐवजी वापरायच्या 'कमी सोडियम'च्या मिठात बहुधा पोटॅशियमच असते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

अवयवाच्या प्रत्यारोपणानंतर पहिले चार-सहा आठवडे प्रथिनांची गरज वाढलेली असते, कारण जखम आणि स्टेरॉइड दोन्ही स्नायू खातात. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलेली टॅक्रोलिमससारखी औषधे ठरल्या वेळी, बहुधा बारा-बारा तासांनी, घ्यावी लागतात. निर्जळ उपवास म्हणजे चुकलेली गोळी आणि कोरडे पडलेले मूत्रपिंड. गणपतीच्या दिवसांत येणारे पपनस टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढवू शकते, म्हणून वर्ज्य. भक्तिभावाशी सर्वांत थेट गाठ पडते ती प्रसादाशी. प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेल्या माणसाला कच्च्या दुधा-दह्याचे पंचामृत, अनेकांचे हात लागलेले तीर्थ, उघड्यावर राहिलेला प्रसाद यांतून गंभीर संसर्ग होऊ शकतो. नाकारणे अनेकांना देवाचा अपमान वाटते. पण प्रसादाचा स्वीकार हात जोडून, कपाळाला लावूनही होतो. आणि घरी ताजा शिजवून गरम वाढलेला शिरा हाही प्रसादच आहे.

इथे एक नैतिक मुद्दा आहे, जो साध्या शस्त्रक्रियेत नसतो. नवे मूत्रपिंड किंवा यकृत दुसऱ्याने दिलेले असते, आपल्याकडे बहुधा आईने, बायकोने, बहिणीने, किंवा मेंदू मृत झालेल्या एखाद्या अनोळखी माणसाच्या घरच्यांनी दुःखाच्या त्या तासांत होकार देऊन. व्रत स्वतःच्या ऐवजावर घ्यायचे असते. दुसऱ्याच्या त्यागातून आलेला अवयव धोक्यात घालून केलेला उपवास, करणाऱ्याचा भाव कितीही शुद्ध असला तरी, फक्त त्याचा उरत नाही. यावर असा आक्षेप येतो की दान दिले की देणाऱ्याचा हक्क संपतो. हक्क संपतो हे खरे. रुग्णाच्या ताटावर कुणी पहारा ठेवू नये हेही खरे. पण कृतज्ञता हक्कावर उभी नसते. देणाऱ्या आईचाही विचार इथेच करायला हवा. मुलाच्या ऑपरेशनसाठी तिने सोळा सोमवार धरलेले असतात, नवस बोललेला असतो, आणि तिला स्वतःला शस्त्रक्रियेला सामोरे जायचे असते. यकृताचा भाग दिल्यावर उरलेले यकृत पुढच्या दोन-तीन महिन्यांत बरेचसे वाढते, आणि ते वाढते अन्नातून. तिचे भरपेट जेवण हा मुलासाठीच्या प्रार्थनेचा भाग आहे, हे तिला कुणीतरी, शक्यतो घरातल्या थोराने, सांगायला हवे.

अवयव मिळालेल्या रुग्णाच्या बाबतीत काही महिन्यांनी चित्र उलटते. स्टेरॉइडने भूक वाढते, डायलिसिसची पथ्ये सुटलेली असतात, वजन चढते, साखर आणि चरबी वाढते. प्रत्यारोपणानंतर नव्याने मधुमेह होणारे अनेक असतात. आता गीतेतला पहिला माणूस, जिभेच्या अधीन झालेला, समोर उभा राहतो. जो संयम दोन महिन्यांपूर्वी घातक होता तोच आता उपचाराचा भाग होतो, आणि डॉक्टरांच्या संमतीने, पाणी आणि गोळ्या न चुकवता, मोजका उपवासही पुन्हा काहींना करता येतो.

शेवटचा प्रश्न नळीतून जाणाऱ्या अन्नाचा. नाकातली नळी, पोटातली नळी, किंवा अमेरिकेतील स्टॅन्ली डड्रिक यांनी १९६८ मध्ये कुत्र्यांच्या पिलांना फक्त शिरेतून पोसून वाढवून दाखवल्यानंतर रुळलेले शिरेतले पोषण, हे अन्न की उपचार? पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ मध्ये नळीने दिलेले अन्नपाणी ही माणसाला द्यायची साधी काळजी आहे, वैद्यकीय कृती नव्हे, असे म्हटले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये नॅन्सी क्रूझन या कायमच्या बेशुद्ध अवस्थेतल्या तरुणीच्या प्रकरणात ते नाकारता येण्याजोग्या उपचारासारखे धरले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कायमच्या बेशुद्ध अवस्थेत पडून असलेल्या अरुणा शानबाग यांना परिचारिकांनी दशकानुदशके भरवले. मार्च २०११ च्या निकालात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे पोषण थांबवण्याची विनंती नाकारली, आणि तसे करताना रुग्णालयातल्या त्याच माणसांच्या भावनेला वजन दिले. घास भरवणे हा नात्याचा भाग आहे, हे त्या निकालाच्या मुळाशी आहे.

या वादात जैन परंपरेतली सल्लेखना, म्हणजे अन्न क्रमाने सोडून मरण स्वीकारण्याचे व्रत, बऱ्याचदा ओढली जाते. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये तिला आत्महत्येच्या पंक्तीत बसवले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. पण समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखनेच्या अटी सांगताना संकट, दुष्काळ, म्हातारपण आणि आजार यांना एक विशेषण लावले आहे: ज्यावर इलाज उरलेला नाही असे. ज्याची जखम भरू शकते, ज्याचा नवा अवयव काम करतो आहे, त्याला अन्नत्यागाची सर्वांत कठोर परंपराही अन्न सोडायला सांगत नाही. याहून वेगळी स्थिती विनोबा भावे यांची: त्यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न आणि औषध दोन्ही सोडले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला, तेव्हा ते सत्त्याऐंशी वर्षांचे होते आणि निर्णय शुद्धीत, जाहीरपणे घेतलेला होता.

इलाज उरलेला नसतो तेव्हा शरीराची भूक बहुधा आपणहून मंदावते. अशा वेळी नळीने ओतलेले पाणी सूज आणि धाप वाढवू शकते. रुग्ण मागेल तो घास, ओलावलेले ओठ, स्वच्छ तोंड एवढे पुरते. हा निर्णय कुणी घ्यायचा याला आता कायद्याचा आधार आहे. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आगाऊ लेखी इच्छापत्र मान्य केले, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करण्याची मुभा दिली. अन्नपाण्याच्या नळीबद्दल आपली श्रद्धा काय सांगते हे त्या कागदात स्पष्ट लिहिता येते, म्हणजे पुढे शुद्ध नसताना ते ठरवण्याचे ओझे मुलांवर पडत नाही.